गावाचे दाजी

मराठवाड्यात एखाद्या गावची मुलगी केली की त्या गावाच्या हद्दीत तुमचं नाव संपतं. तुम्ही तहसीलदार असा, मुख्याध्यापक असा की एसटीचे कंडक्टर, वेशीच्या आत तुम्ही फक्त दाजी. पानटपरीवाला दाजी म्हणतो, गिरणीवाला दाजी म्हणतो, आणि ज्याला स्वतःची बहीणच नाही तोही बिनदिक्कत दाजी म्हणतो. ही पदवी साधारणपणे दोन दिवसांपुरती असते. पाहुणचार घ्यायचा, टोपी-उपरणं घ्यायचं, आणि पदवी वेशीवर ठेवून आपल्या घरी जायचं. आमचे दाजी मात्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पेन्शन, पुस्तकांची एक ट्रंक आणि आक्का यांना घेऊन थेट वेरूळला, म्हणजे आक्कांच्या माहेरीच राहायला आले. काय बोलावं ते गावाला सुचेना. कायम मुक्कामी दाजी गावाने तोवर पाहिलेला नव्हता.

घरजावई म्हणून कोणी टोमणा मारलाच तर दाजींचं उत्तर तयार असे. "महादेव राहतात कुठं? कैलासावर. कैलास आहे कुठं? हिमालयात. हिमालय कोण? सासरा. देवाधिदेव सासऱ्याच्या जागेत राहतात, त्यांना कोणी विचारत नाही. मलाच कशाला?" यातला एक सासरा पर्वतांचा राजा आणि दुसरा थोड्याशा कोरडवाहू जमिनीचा मालक, हा तपशील ते सोडून देत. आक्का सोडत नसत.

दाजींना जाऊन आता वर्ष होत आलं. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. तिथली भाषणं ऐकताना आपण भलत्याच सभेला येऊन बसलो की काय, अशी मला शंका आली. एका वक्त्याने दाजींना निगर्वी म्हटलं. दुसऱ्याने मितभाषी म्हटलं. मितभाषी! ज्या माणसाने पाहुण्यांना लेण्याच्या दारात 'आत जाण्याआधी दोन शब्द' म्हणून थांबवलं आणि त्या दोन शब्दांत एका काकूंचा डबा खाऊन झाला, तो मितभाषी! तिसरे वक्ते म्हणाले, "दाजींनी कधी कोणाचा वेळ घेतला नाही." त्याबरोबर मागच्या रांगेतून, जिथे वेरूळचे गाईड बसले होते, तिथून खोकल्याची साथ आली. शोकसभेत माणसाचे कंगोरे इतके तासतात की शेवटी जे उरतं ते कोणाच्याही फोटोखाली चालावं. माझं मत विचाराल तर गेलेला माणूस ओळखायचा असेल तेव्हा त्याने आपल्याला कशाकशाने छळलं ते आठवावं. दाजींच्या बाबतीत उत्तर एका शब्दाचं आहे. लेणी.

लेणी म्हणजे सगळी नव्हेत. वेरूळच्या डोंगरकडेला सुमारे दोन किलोमीटरच्या ओळीत 34 लेणी आहेत. पहिली 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि शेवटची 5 जैन. 1983 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जगभरातून माणसं येतात ती सोळावं लेणं, म्हणजे कैलास, पाहायला. दाजींना कैलासाबद्दल आदर होता, पण जिव्हाळा नव्हता. "कैलास काय, सगळ्यांनाच दिसतो," असं ते म्हणत. त्यांचा जीव अडकला होता महादेवाच्या संसारात. पार्वतीची तपश्चर्या, मागणी, लग्न, सारीपाट, धुसफुस, समेट. हे सगळं या डोंगरात निरनिराळ्या काळच्या निरनिराळ्या हातांनी कोरून ठेवलेलं आहे. कुठे तांत्रिक लेणी पाहायची, कुठे स्थापत्य पाहायचं, ते विद्वानांनी पाहावं. दाजी एका घरातल्या नवरा-बायकोच्या भानगडीत लक्ष घालायचे आणि तेही शेजाऱ्याच्या हक्काने.

त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. खात्यातली सवय. धरणातली पाण्याची पातळी लिहायच्या वहीसारखे रकाने आखलेले : लेणे क्रमांक, भिंत, प्रसंग, पार्वतीची मुद्रा, महादेवाची मुद्रा, आणि शेवटी 'शेरा'. सारीपाटाच्या शिल्पांना आणखी एक जादा रकाना होता : 'कोण जिंकत आहे'.

नवं लग्न झालेलं जोडपं वेरूळला आलं की त्याची सुटका नसे. आमच्या भागात नव्या जोडप्याने घृष्णेश्वराला अभिषेक करावा, जवळच खुलताबादला निजलेल्या भद्रा मारुतीचं दर्शन घ्यावं, परत जाताना दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं नाहीतर पेरू घ्यावेत, असा रिवाज. त्यात दाजींनी एक कलम वाढवलं : एकविसावं लेणं. याला रामेश्वर म्हणतात. सहाव्या शतकातलं, कैलासाहून जुनं. अंगणात उंच चौथऱ्यावर नंदी, दाराशी मगरीवर उभी असलेली गंगा. ती गंगा इतकी देखणी की जाणकार माणसं तिच्यापाशीच घुटमळतात. दाजी घुटमळू देत नसत. "तिच्याकडं नंतर बघा. ती या संसारात सवत आहे," एवढं सांगून ते जोडप्याला आत ढकलत.

आत डाव्या हाताच्या दालनात लग्न आहे. पार्वती पंचाग्नी साधते आहे, ब्रह्मदेव हिमालयाकडे मागणी घेऊन गेले आहेत, आणि मग हातात हात देऊन प्रत्यक्ष विवाह. दाजी इथे नवऱ्यामुलाला पुढे घेत. "मध्यस्थ कोण, बघा. साक्षात ब्रह्मदेव. तुमच्यात कोण होतं?" मुलगा म्हणे, "मामा." दाजी म्हणत, "मग तक्रार करायची ती मामाकडं करायची. बायकोकडं नाही." नंतर नवरीकडे वळून : "आणि ही तपश्चर्या बघ, बाई. चारी बाजूंनी आग, वर सूर्य. कशासाठी? नवरा मिळावा म्हणून. आणि मिळाल्यावर नवऱ्याने काय केलं, ते समोरच्या भिंतीवर आहे."

आणि मग सारीपाट.

वर महादेव-पार्वती खेळायला बसले आहेत. खाली नंदी आहे आणि त्याच्याभोवती गणांचा धिंगाणा चाललेला आहे. महादेव द्यूतात पार्वतीकडून हरले, आणि हरता हरता अंगावरचा एकेक दागिना गमावून बसले, ही कथा स्कंदपुराणात आहे. दाजींनी त्यात स्वतःचा शोध घातला होता. त्यांच्या मते महादेवांनी शेवटी नंदीही पणाला लावला, तोही गेला, आणि खाली जे गण नंदीशी झोंबतायत ते खेळत नसून 'चला, आता बाईंच्या गोठ्यात चला' म्हणून त्याला ओढून नेतायत. "आणि वर नवऱ्याचा चेहरा बघा. अजून एक डाव मागतोय. हरलेला नवरा ओळखायची हीच खूण. जिंकलेला उठून जातो, हरलेला अजून एक डाव मागतो."

इतकं ऐकेपर्यंत नव्या नवरीची भीड पार गेलेली असे, आणि नवऱ्याला घरी जायचं असे. पण घर अजून लांब होतं. चौदावं लेणं बाकी होतं, आणि तिथे परात लागायची.

या परातीबद्दल सविस्तर सांगितलं पाहिजे. लेण्यांची मुख्य अडचण उजेडाची. चौदावं लेणं म्हणजे रावण की खाई. त्याच्या बाजूच्या भिंतींवरची शिल्पं भर दुपारीही अंधुक असतात. वेरूळ-अजिंठ्याचे जुने वाकबगार लोक आरसा किंवा चकचकीत पत्रा बाहेर उन्हात धरून आत कवडसा टाकतात. दाजींनी आरसा वापरून पाहिला, पण त्यांचं समाधान झालं नाही. "आरशाने नुसतं पार्वतीचं नाक दिसतं. मला दोघं एकदम दिसले पाहिजेत. एकालाच बघून संसार कसा कळणार?" म्हणून त्यांनी आक्कांची परात उचलली. आक्कांना लग्नात त्यांच्या मामाने दिलेली, चांगली दोन हात रुंद, पितळेची. पितळेच्या परातीतून पडणारा उजेड पिवळा येतो, आणि काळ्या दगडाच्या पार्वतीला हळद लागते. हे एकदा दिसल्यावर दाजी दुसरं कुठलंही भांडं हातात धरेनात. आक्कांनी स्टीलची परात घेऊन दिली, ती त्यांनी तशीच कणकेला ठेवली.

परिणामी वेरूळात एक घर असं होतं की जिथे चिंचेने परात घासायचं काम स्वयंपाकासाठी नव्हे, पार्वतीसाठी चाले. सणाच्या दिवशी कटाची आमटी उकळतेय, पुरण वाटून झालंय, आणि परात डोंगरात. आक्का दारात उभ्या राहून ओरडत, "अरं, कुणी लेण्याकडं चाललंय का? तेवढी माझी परात आणा. दाजी नाही आले तरी चालतील." आणि खरोखरच परात एकटी यायची. कोणीतरी पोरगं डोक्यावर धरून आणायचं, आणि मागून निरोप यायचा की दाजींना एक जपानी माणूस भेटलाय.

रावण की खाई हे नाव ज्या शिल्पावरून आलं ते म्हणजे कैलास उचलणारा रावण. हाच प्रसंग सोळाव्यातही आहे आणि एकोणतिसाव्यातही. खाली रावण वीस हातांनी पर्वत गदगदा हलवतोय, वर पार्वती घाबरून महादेवांना बिलगली आहे, आणि महादेव शांतपणे पायाच्या बोटाने पर्वत दाबतायत. सोळाव्यातल्या शिल्पात एक दासी पळत सुटलेली आहे. दाजींचं म्हणणं असं की सारीपाट आणि रावण ही दोन वेगळी शिल्पं नव्हेतच. आधी डावावरून भांडण झालं, पार्वती पाठ फिरवून बसली, महादेवांना समजूत काढता येईना. इतक्यात खालून रावणाने डोंगर हलवला. पार्वती राग विसरली आणि गळ्यात पडली. "महादेवांनी त्याला वर का दिला? गाणं म्हणाला म्हणून? खोटं आहे. घरातलं भांडण मिटवलं म्हणून दिला."

हा शोध आपलाच आहे अशी दाजींची पक्की समजूत होती. एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी एकदा त्यांना हळूच सांगितलं की माघ कवीने 'शिशुपालवध'च्या पहिल्याच सर्गात ही कल्पना करून ठेवली आहे. रावणाने वराची परतफेड घाबरलेल्या पार्वतीच्या मिठीने केली, असं तो म्हणतो. दाजी दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माघ वेरूळला येऊन गेला असणार." वहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात 'माघ सहमत' अशी नोंद आहे.

आता इतकं सगळं करणाऱ्या माणसाची बायको काय म्हणते, हा प्रश्न येतोच. छंदी माणसाच्या मृत्यूनंतर 'त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली' असं एक वाक्य छापून येतं. त्या वाक्यात बायको नुसती उभी असते. आक्का उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. दाजी पुण्याच्या दिनकर केळकरांचा दाखला नेहमी देत. केळकर 1896 सालचे, चष्म्याच्या दुकानाचे मालक, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे. 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला लागले आणि 1990 मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. दिवे, अडकित्ते, दौती, वज्ऱ्या, दारं, वाद्यं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. वीस हजारांवर वस्तू झाल्या. सात वर्षांचा एकुलता मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने संग्रहालय केलं आणि सगळं शेवटी सरकारला देऊन टाकलं. त्यांच्या बायकोने, कमलाबाईंनी, हे सगळं नुसतं सोसलं नाही, त्याही त्यात उतरल्या होत्या. आजही पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या त्या इमारतीत गेलात की नवरा-बायको दोघांचे हात लागलेल्या वस्तू बघताय हे जाणवतं.

तर दाजी म्हणत, "बघ, केळकरांनी वीस हजार वस्तू घरात आणल्या. मी एक तरी आणली का?"

आक्का म्हणत, "डोंगर उचलंना म्हणून ऱ्हायलं. नाहीतर रावणाला तुम्हीच शिकवलं असतं."

आक्का वेरूळच्याच. लहानपणी त्या याच लेण्यांत लपंडाव खेळलेल्या, शेळ्या चारलेल्या. दहाव्या लेण्यात, ज्याला सुतार की झोपडी म्हणतात, तिथे कमानीखाली आवाज घुमतो, म्हणून पोरीपोरी मिळून तिथे एकमेकींना हाका मारत बसत. ज्या वास्तूबद्दल दाजी पानंच्या पानं लिहीत, तिच्याबद्दल आक्कांना असलेली माहिती अशी की तिथे वटवाघळं फार आणि पावसाळ्यात पाय घसरतो. दाजींच्या बरोबर त्या कधीही लेणी बघायला गेल्या नाहीत. "मी गेले तर भाकरी कोण टाकील?" हे कारण. दुसरं कारण गुडघे. तिसरं, जे त्या मोठ्याने सांगत नसत, ते असं की महादेवाच्या संसारावर व्याख्यान द्यायला निघालेल्या माणसाबरोबर त्याची स्वतःची बायको असली की लोक शिल्पापेक्षा तिच्याचकडे बघतात.

पण घरात बसून त्या दाजींची एकही कथा सरळ जाऊ देत नसत. कैलासाची दंतकथा घ्या. कृष्ण याज्ञवल्की या जुन्या मराठी कवीच्या 'कथाकल्पतरू'त ती आहे. एल राजाला आजार झाला. राणी माणकावतीने घृष्णेश्वराला नवस केला की नवरा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. स्थपती म्हणाले, कळसाला वर्षं लागतील. मग कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्याने पायापासून सुरुवात केलीच नाही, डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आला, आणि पहिला दिसला तो कळस. कैलास वरून खाली कोरलेला आहे हे तर उघडच आहे. कोरीव लेख आणि ताम्रपट त्याचं श्रेय आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याला देतात. दंतकथेने त्यातली घाई समजावून सांगितली.

दाजी ही गोष्ट रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "जगातलं एवढं मोठं काम झालं, कशामुळं? बायको उपाशी आहे म्हणून!"

आतून आवाज येई, "अन् आमच्यात दोन वाजले, लेणी बघू बघू नवरा उपाशी, नवऱ्याची वाट बघू बघू बायको उपाशी. इथं कोणतं देऊळ झालं?"

आक्कांची आवडती कथा वेगळी होती, घृष्णेश्वराची. घुष्मा रोज मातीची 101 शिवलिंगं करायची, पूजा करून तळ्यात विसर्जन करायची. सवतीने मत्सराने मुलगा मारला तरी तिचा नेम चुकला नाही, आणि शेवटी महादेव प्रसन्न झाले, मुलगाही परत मिळाला. तोच हा ज्योतिर्लिंगाचा महिमा. अहिल्याबाईंनी पुढे इथलं देऊळ आणि तीर्थकुंड बांधून काढलं. आक्का म्हणत, "छंद असावा तर असा. रोज 101 करायची, पण तळं घरापाशी. अन् परात कुणाची नेली नाही."

दाजी यावर उत्तर देत नसत. वही उघडून बसत.

आठवड्यातला एक दिवस मात्र आक्कांचा होता. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. (अजिंठा सोमवारी बंद. दाजींना एकदा कोणीतरी सुचवलं की मंगळवारी अजिंठ्याला जात जा. आक्कांनी त्या माणसाला चहा दिला नाही.) दळण, गॅसची टाकी, बँक, डोळ्यांचा डॉक्टर, नातेवाइकांकडचं दुखलंखुपलं, सगळं मंगळवारी. घरात मंगळवारचा उपवास नव्हता, पण दाजी त्या दिवशी जेवायला वेळेवर असत म्हणून आक्का गोडाचं काहीतरी करत. दाजींचा चेहरा दिवसभर पेन्शन अडकल्यासारखा. संध्याकाळी ते गच्चीत जाऊन डोंगराकडे बघत आणि म्हणत, "आज आत दोघंच असतील."

दाजी गेले तेही मंगळवारीच. झोपेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आक्का डोळे पुसत पुसत तेच सांगत होत्या, "दुसऱ्या कुठल्या वारी सवड कुठं होती त्यांना?" येणाऱ्याला हसू यायचं, आणि सुतकाच्या घरात हसावं की नाही कळायचं नाही. मग आक्काच आधी हसायच्या.

मित्रांबद्दल सांगायचं तर दाजींचे सगळ्यात जवळचे मित्र ते, ज्यांचं नुकसान ते रोज करत. वेरूळचे गाईड. ते परवानाधारक, त्यांचा हा पोटापाण्याचा धंदा, आणि हा एक पेन्शनर परात घेऊन सगळं फुकट सांगत फिरतोय. सुरुवातीला कुरबुर झाली. गावच्या दाजीला दरडावणार कोण? शेवटी चहाच्या टपरीवर तह झाला. सोळा नंबर आणि दहा नंबर गाईडांचे, दाजींनी तिकडे बोलायचं नाही. चौदा, एकवीस आणि एकोणतीस दाजींचे. बाकीची लेणी कोणाचीच नाहीत. हा तह दाजींनी पाळला, फक्त सोळाव्यातल्या रावणापाशी थांबून ते मोठ्याने खाकरत.

गाईडांनी या तहाचा असा उपयोग केला की जो प्रवासी फार प्रश्न विचारतो तो दाजींकडे पाठवायचा. 'तो दगड गेला कुठे' असं विचारणारा, 'हे शंभर वर्षांत कसं शक्य आहे' म्हणणारा, परग्रहावरच्या लोकांनी केलं असं छातीठोक सांगणारा. या शेवटच्या जातीवर दाजींचा फार लोभ होता. ते त्याला कर्क राजाच्या ताम्रपटातली गोष्ट सांगत. नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या ताम्रपटात एलापूरच्या या देवळाचं वर्णन आहे, आणि त्यात म्हटलंय की ते पुरं झाल्यावर खुद्द करणाऱ्या शिल्पीलाच आश्चर्य वाटलं, हे मी केलं तरी कसं. "आता परग्रहावरचा माणूस असं म्हणेल का?" दाजी विचारत. "त्याला सवय असते. हे म्हणणारा आपल्यातलाच. ठेकेदाराचं बिल निघाल्यावर आमच्या खात्यातले इंजिनिअर असंच म्हणायचे."

आणि बदल्यात दाजींच्या कथा गाईडांनी उचलल्या. आज तुम्ही एकविसाव्या लेण्यात गेलात तर हरलेला नंदी, एक डाव आणखी मागणारा नवरा, हे सगळं तुम्हाला हिंदीतून ऐकायला मिळेल, इंग्रजीतूनही मिळेल, आणि शेवटी 'पुराणों में लिखा है' असंही मिळेल. पुराणात ते कुठून आलं हे फक्त मला, आक्कांना आणि त्या वहीला माहीत आहे.

शोकसभेच्या फ्लेक्सवरून मोठा घोटाळा झाला, तो या मित्रांमुळेच. दाजींचा फोटो कोणाकडेच नव्हता. म्हणजे होते पुष्कळ. गाईडांच्या मोबाइलमध्ये, पाहुण्यांच्या लग्नानंतरच्या अल्बमांत, एका फ्रेंच बाईने पाठवलेल्या पाकिटात. पण प्रत्येक फोटोत दाजी परात धरून उभे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता लखलखाट. फ्लेक्सवाला म्हणाला, "हा सूर्य काढून टाकतो." तो काढल्यावर खाली फक्त धोतर राहिलं. शेवटी बँकेत हयातीच्या दाखल्याला लावलेला फोटो सापडला, तो मोठा करून 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली लावला. हयात असल्याचा पुरावा म्हणून काढलेल्या त्या फोटोत दाजी गेल्यासारखे दिसत होते. लोक फ्लेक्सजवळ थांबायचे, वाचायचे आणि विचारायचे, "हे कोण वारले?"

श्रावणात आक्कांचा भाचा बायकोला घेऊन आला. नवं लग्न. रिवाजाप्रमाणे घृष्णेश्वर झाला, भद्रा मारुती झाला. मग आक्काच म्हणाल्या, "चला, एकविसाव्यात जाऊन येऊ. मामा असते तर सोडलं नसतं." आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. गुडघ्यांना पट्टे बांधून, हातात काठी घेऊन आक्का निघाल्या. मी परात घेतली. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती दारातच टेकून ठेवलेली होती, आणि घासलेली होती. बरोबर दाजींच्या जुन्या दोस्तांपैकी एक गाईड आला.

एकविसाव्यात आक्कांनी सगळं पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. चौदाव्यात मी बाहेर उन्हात परात धरून उभा राहिलो, गाईड आतून 'थोडी डावीकडे, थोडी वर' असं ओरडत राहिला, आणि मला एवढंच कळलं की दाजींचे दंड फार मजबूत असले पाहिजेत. मग आक्का म्हणाल्या, एकोणतिसावंही बघू. ते बरंच लांब, दुमार लेणं, धबधब्याच्या अंगाला. पावसाळ्यात येळगंगा तिथून खाली कोसळते आणि त्या जागेला सीता की न्हाणी म्हणतात. आक्का दर वळणावर बसत बसत पोचल्या.

तिथलं सारीपाटाचं शिल्प वेगळं आहे. पार्वती फासा टाकायला हात उचलते आहे, आणि महादेवांनी तो हात धरून ठेवलाय. दाजींच्या वहीत प्रत्येक सारीपाटापुढे 'कोण जिंकत आहे' या रकान्यात 'पार्वती' असं ठळक लिहिलेलं आहे. फक्त एकोणतिसाव्यापुढे लिहिलंय, 'निर्णय प्रलंबित'. खात्याचीच भाषा. गाईडने भाच्याला तेच समजावून सांगितलं, "दाजी म्हणायचे, हात धरलाय म्हणून डाव अर्ध्यावर आहे. फासा पडल्याशिवाय सांगता येत नाही."

आक्का काठीवर रेलून वर बघत होत्या. "काय सांगता येत नाही? जिंकलीय ती. नाहीतर हात कशाला धरील तो?"

गाईड म्हणाला, "पण आक्का, दाजींनी इतकी वर्षं..."

"दाजींना काय कळतंय यातलं? रोज रात्री माझ्याशी पत्ते खेळायचे. पान टाकायला गेले की हात धरायचे. म्हणायचे, थांब, विचार कर." त्या वळल्या आणि काठी टेकत टेकत चालू लागल्या. "कधी जिंकू दिलं नाही मी त्यांना. अन् ती परात द्या इकडं, उद्या पोळा आहे. पुरणाला लागंल."